नुसते शोधले तर?

दिवाळी अंकात कायद्याचे सदर म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड, असे आमच्या घरीच म्हणतात. तरीही संपादक दरवर्षी आठवणीने पत्र धाडतात आणि वाचकही शंका विचारतात, त्या अर्थी कारले खाणारी माणसे अजून आहेत. यंदाचा विषय मात्र पत्रांच्या गठ्ठ्यातून काढलेला नाही. तो मला बिद्रीला मिळाला.

बिद्री म्हणजे कागल तालुक्यातले, मुदाळ तिट्ट्याजवळचे गाव. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवण्याची पूजा होते, मग गव्हाणीत मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. माझे एक जुने स्नेही त्या भागात राहतात. त्यांच्या जमिनीच्या वाटणीचे कागद पाहायला मी गेलो होतो. कागद बाजूलाच राहिले. घरातला वीस-बावीस वर्षांचा भाचा दोन दिवस जेवला नव्हता, आणि कारण कोणाला सांगत नव्हता.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे उठून धावायचा, दंड-बैठका मारायचा. मामांनी त्याला माझ्यापुढे आणून बसवले आणि स्वतः शहाणपणाने गोठ्याकडे निघून गेले. बराच वेळ मान खाली. मग त्याने मोबाईल पुढे केला. रात्री काहीतरी ‘तसले’ शोधता शोधता पडदा एकदम गोठला होता, वर सरकारी बोधचिन्ह आणि खाली मजकूर: आपण निषिद्ध चित्रफीत पाहिली आहे, आपल्यावर गुन्हा नोंदला आहे, सहा तासांत दंड भरा, नाहीतर अटक. त्याने तो पडदा जपून ठेवला होता. पैसे भरले नव्हते, कारण खात्यात नव्हतेच.

“वकीलसाहेब, नुस्तं बघितलं तर बी केस हुती व्हय? मग माझी भरती गेली म्हणायची.”

त्याला आधी जेवायला बसवले आणि मग सांगितले की ही नोटीस खोटी आहे. न्यायालयाशिवाय दंड ठोठावला जात नाही आणि पोलीस मोबाईलच्या पडद्यावर गुन्हा नोंदवून तिथेच वसुली करत नाहीत. अशाच बनावट नोटिसा पाठवून लोकांकडून तीन-तीन हजार रुपये उकळणारी टोळी दिल्ली पोलिसांनी २०२१ साली पकडली होती. या धंद्याचे भांडवल एकच: माणसाची लाज. दंड खोटा आहे हे निम्म्या लोकांना कळते, पण विचारायचे कोणाला? ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा जो प्रकार चालतो तोही याच गावचा. तशी अटक कायद्यात कुठेही नाही. स्वतः पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून तसे सांगितले, तरी माणसे फसतच आहेत.

मुलाचा चेहरा उजळला. पण त्याचा प्रश्न खोट्या नोटिशीबरोबर संपत नव्हता. खरोखरच नुसते शोधले, नुसते पाहिले, तर गुन्हा होतो का? याचे उत्तर ‘नाही’ असे आपल्या पिढीतले बहुतेक वकील पाठ म्हणून दाखवतील. आणि ते उत्तर एका बाबतीत सपशेल चुकीचे आहे.

जुना कायदा काय होता ते आधी पाहू. १८६० च्या दंडसंहितेत कलम २९२ होते. अश्लील पुस्तक विकणे, छापणे, वाटणे, विक्रीसाठी जवळ बाळगणे हा गुन्हा. वाचणारा मोकळा. मुंबईचे एक पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या दुकानात १९५९ च्या डिसेंबरात पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवले आणि लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची एक प्रत विकत घेतली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ साली शिक्षा कायम झाली. दंड किती, तर वीस रुपये! वीस रुपयांसाठी पाच न्यायमूर्ती बसले, पण त्या निकालाने पुढची पन्नास वर्षे अश्लीलतेचे माप ठरवले. आपल्या मराठीतही उदाहरण आहे, आणि तेही दिवाळी अंकाचेच. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर पुण्यात खटला भरला गेला. उच्च न्यायालयात शिक्षा झाली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडले. त्याही आधी, १९३४ मध्ये, र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरील खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. या सगळ्या खटल्यांत लेखक, संपादक, विक्रेता असे कोणीतरी आरोपी आहे. वाचक मात्र एकाही ठिकाणी नाही. तो अंक उशीखाली ठेवून वाचणाऱ्या हजारो सद्गृहस्थांना कोणी हात लावला नाही.

प्रौढांनी प्रौढांची तसली चित्रे घरात, आपल्यापुरती पाहणे हा आजही स्वतंत्र गुन्हा नाही. २०१५ च्या जुलैअखेर सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला आणि थोड्याच दिवसांत तो सैल केला. पण तो हुकूम सेवा देणाऱ्या कंपन्यांना होता, पाहणाऱ्याला नव्हे. दुसऱ्याला पाठवणे मात्र गुन्हा आहे, मग ते मित्रांच्या गटात गंमत म्हणून का असेना. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६७ आणि ६७-अ त्यासाठीच आहेत. भाच्याने नेमके काय शोधले होते ते मी विचारून घेतले. ते इथे सांगण्याचे कारण नाही. तो गुन्हा नव्हता, एवढे पुरे.

आता तो अपवाद. २००८ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६७-ब लागू झाले. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आणि चित्रफिती हा त्याचा विषय. या कलमातली क्रियापदे सावकाश वाचण्यासारखी आहेत: प्रसिद्ध करणे, पाठवणे, तयार करणे, गोळा करणे, शोधणे, चाळणे, उतरवून घेणे, जाहिरात करणे, देवाणघेवाण करणे. होय, शोधणे आणि चाळणे. अश्लीलतेचा जुना कायदा विक्रेत्यापाशी थांबत होता. इथे तो उंबरा ओलांडून वाचणाऱ्याच्या खोलीत आला. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास सात वर्षांपर्यंत. दखलपात्र आणि अजामीनपात्र.

कायदा इतका आत का शिरला, असे कोणी विचारील. मला ते योग्य वाटते, आणि कारण साधे आहे. कादंबरीतली नायिका कागदावरची असते. या चित्रात एक खरे मूल असते, आणि ते चित्र घेतले गेले त्या क्षणी त्याच्यावर अत्याचार चालू असतो. ते पाहायला मागणारा असतो म्हणून ते घेतले जाते. पाहणारा ‘मी कोणाचे काय बिघडवले’ असे म्हणू शकत नाही.

तरीही न्यायालयांत मतभेद झालाच. चेन्नईच्या एका तरुणाच्या मोबाईलमध्ये अशा दोन चित्रफिती सापडल्या. ११ जानेवारी २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द केला: त्याने त्या कोणाला पाठवल्या नाहीत, खाजगीत पाहिल्या, म्हणून गुन्हा नाही. तो निकाल वर्तमानपत्रांत गाजला आणि ‘नुसते बघायला हरकत नाही’ ही अर्धवट समजूत गावोगाव पोचली. तीच भाच्यापर्यंत आली होती. ती समजूत आठ महिने जगली. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांनी तो निकाल उलटवला.

निकालातल्या दोन-तीन गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. पॉक्सो कायद्याच्या कलम १५ प्रमाणे असे साहित्य जवळ ठेवणे, ते नष्ट न करणे, त्याची खबर न देणे, यामागे ते पुढे पाठवण्याचा हेतू असेल तर प्रत्यक्ष पाठवले नसले तरी गुन्हा होतो. आणि हेतू नव्हता हे दाखवण्याचा भार खटल्यात आरोपीवर येऊ शकतो. दुसरे म्हणजे ‘जवळ असणे’ याचा अर्थ मोबाईलमध्ये साठवलेले एवढाच नाही. उतरवून न घेता नुसते पडद्यावर पाहिले, पण ते पुढे पाठवणे, पुसणे, पुन्हा पाहणे आपल्या हाती होते, तर तेही जवळ बाळगणेच. मग अनोळखी माणसाने पाठवलेला दुवा चुकून उघडला तर? उघडेपर्यंत आत काय आहे हे ठाऊक नव्हते, तोवर दोष नाही. पण कळल्यावरही पाहत बसले तर तो बचाव गेला. आणि नुसते बंद करून गप्प बसण्यापेक्षा खबर द्यावी, अशी न्यायालयाची अपेक्षा आहे. न्यायालयाने आणखी एक केले. अशा साहित्याला मुलांचे ‘पॉर्न’ म्हणणेच बंद करा, ते शोषणाचे आणि अत्याचाराचे साहित्य आहे, तसेच म्हणा, असे सर्व न्यायालयांना बजावले.

“पण कळतंय कुणाला?” हा पुढचा प्रश्न. इथे मुलाचे डोळे पोलीस भरतीवाल्याचे झाले होते. कळते ते असे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना आपल्या सेवेत असे काही आढळले तर तिथल्या हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राला कळवणे त्या देशाच्या कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी सापडलेल्या प्रत्येक चित्राचा अंकांचा एक ठसा काढून ठेवलेला असतो, बोटाच्या ठशासारखा. नवे चित्र त्याच्याशी जुळले की यंत्रच घंटा वाजवते. २०१९ साली आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने त्या केंद्राशी करार केला. तेव्हापासून भारतातले असे अहवाल दिल्लीला येतात आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे जातात. चेन्नईचा तो तरुण अशाच पत्राने सापडला.

अहवालात माणसाचे नाव असेलच असे नाही. बहुधा असतो तो जोडणीचा क्रमांक, आणि जोडणी ज्याच्या नावावर त्याच्या दारात पोलीस प्रथम येतात. आमच्या स्नेह्यांच्या घरचे इंटरनेट त्यांच्या नावे आहे. सांकेतिक शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. शेजारची मुले, वरच्या खोलीतला भाडेकरू, पाहुणे, सगळ्यांना मुक्तद्वार. पाणपोईसारखे. म्हटले, “आबा, पाणपोईवर कोण पाणी पितो हे विचारू नये, पण इथे विचारा.” शिक्षा अर्थात खरे कृत्य करणाऱ्यालाच होईल. पण घरातले सारे मोबाईल पंचनाम्याने जप्त होऊन तपासणीसाठी जाणे, मुलीचे लग्न ठरत असताना दारात पोलिसांची गाडी उभी राहणे, यांची नुकसानभरपाई कोणत्याही कलमात नाही. नव्या कायद्याने एक बरे केले आहे: जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे चित्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात त्याच त्या अंकांच्या ठशाची नोंद द्यावी लागते. मध्येच कोणी काही घुसडले तर ठसा बदलतो. वकिलाने पहिल्या दिवशी मागायचा कागद तो.

इथवर मामा परत आले, चहा झाला, आणि मला वाटले विषय संपला. तो संपला नव्हता. निघताना स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. आजूबाजूच्याच एका गावी दिलेली, माहेरपणाला आलेली त्या घरची मुलगी. “दादा, एक विचारू का?” पहिली मुलगी आहे, आता तिसरा महिना. सासरी कोणीतरी रात्रंदिवस मोबाईलवर शोधत असते: मुलगा की मुलगी कसे ओळखावे, कुठली गोळी घ्यावी, तपासणी कुठे होते. “शोधतात ते, पण मोबाईल माझा असतो. उद्या केस झाली तर माझ्यावरच येईल ना?”

हा प्रश्न मला त्या मुलाच्या प्रश्नापेक्षा जड गेला.

कारण तो आमच्या जिल्ह्याचा प्रश्न आहे. २००१ च्या शिरगणतीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३. ऊस, दूध, सहकार, शाळा, सगळ्यात पुढे असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना त्यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडायला लावले: कोणत्या रुग्णाची, केव्हा, काय तपासणी झाली याची नोंद ते गुपचूप ठेवते. डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खाजगीपणाचे काय, असा त्यांचा सवाल होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. २०११ च्या शिरगणतीत आकडा ८६३ वर आला. चढला, पण समाधान मानावे असा नव्हे. आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये काय सापडले ते आपण विसरलेलो नसू: एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू, आणि मग जमिनीत पुरलेले १९ भ्रूण.

शोधण्याचा संबंध इथेही आहे. गर्भलिंग तपासणीच्या जाहिरातीला १९९४ च्या कायद्याचे कलम २२ बंदी घालते. दुकानावरची पाटी काढता येते, पण मोबाईलच्या शोधपेटीत उगवणाऱ्या जाहिरातीचे काय? डॉ. साबू जॉर्ज यांनी २००८ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. प्रकरण डिसेंबर २०१७ पर्यंत चालले. समोर गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट. ‘आम्ही फक्त वाट दाखवतो, माल आमचा नाही’ असा त्यांचा एकंदर सूर होता. शेवटी ठराविक शब्द टाकले की जाहिरात अडवली जाईल अशी व्यवस्था करणे, आणि तक्रार आली की ३६ तासांत मजकूर काढणे त्यांना मान्य करावे लागले. पण न्यायालयाने एक भेद जपला. अभ्यासासाठी, माहितीसाठी शोधणे बंद करण्याचा आपला हेतू नाही, बंदी आहे ती कलम २२ मोडणाऱ्या जाहिरातीवर.

म्हणून त्या बाईंना मी सांगितले ते असे. इथे नुसते शोधणे हा गुन्हा नाही. मुलांच्या त्या कलमासारखी क्रियापदे या कायद्यात नाहीत. पण शोधून सापडलेल्या ठिकाणी तपासणीची मागणी केली की कलम २३ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि एक लाख. हा दंड तपासणी मागणाऱ्याला आहे, मग तो नवरा असो, सासू असो की दलाल असो. डॉक्टरला कैद वेगळी, शिवाय पहिल्याच शिक्षेला पाच वर्षांसाठी नोंदवहीतून नाव कमी. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि आपसांत न मिटणारा. आणि त्या रात्रंदिवस शोधण्याची नोंद? ती गुन्हा नसली तरी पुरावा होऊ शकते, कारण कृत्याच्या आधीची तयारी आणि वागणूक न्यायालय पाहते.

“आणि माझं?”

तिच्यासाठी कायद्याने कलम २४ ठेवले आहे. गरोदर स्त्रीवर तिच्या नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीतच धरते. सक्ती झालेल्या स्त्रीला मागणाऱ्याची शिक्षा लागू नाही. फार थोड्या कायद्यांनी घरातल्या सुनेची परिस्थिती इतकी ओळखलेली आहे. मोबाईल तिच्या नावे आहे म्हणून ती गुन्हेगार ठरत नाही. फक्त तिने त्या नोंदी घाबरून पुसू नयेत, असेही मी म्हटले. उद्या कोणी तिलाच पुढे केले, तर रात्री दोन वाजता कोण शोधत होते हे सांगणारी दुसरी साक्ष तिच्याकडे नसेल. तिने मोबाईल पदराआड धरला, “बरं दादा” म्हणाली आणि आत गेली. पुढे काय झाले ते मला ठाऊक असले तरी या सदरात येण्याचे नाही.

आता तुमच्या घरी उपयोगी पडेल असे एक. कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या गटात कधीमधी एखाद्या लहान मुलावरच्या अत्याचाराची चित्रफीत येऊन पडते, खाली लिहिलेले असते, ‘या नराधमाला पकडून द्या, सर्वांना पाठवा’. हेतू कितीही चांगला असो, पाठवणारा कलम ६७-ब मध्ये सापडतो. वर त्या मुलाची विटंबना गावभर होते ती वेगळी. मुलाची ओळख उघड करण्यालाही कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे. ती पुढे पाठवू नका. कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकावरून पाठवली ते टिपून घ्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. त्यानंतर पोलीस सांगतील त्याप्रमाणे ती काढून टाका. अठरा वर्षांखालच्या मुलाकडे तसले काही सापडले, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, नेहमीच्या न्यायालयात नाही. तेव्हा घाबरून मोबाईल विहिरीत टाकण्याआधी वकिलाला विचारा. असे करणारे एक वडील मला भेटले आहेत. विहीर उपसावी लागली.

पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. जितका उशीर, तितके पैसे दूर. आणि मुलांच्या शोषणाची तक्रार त्या पोर्टलवर नाव न देताही करता येते. भाच्याला ही गोष्ट फार आवडली. आपल्या गल्लीतल्या एका गटाबद्दल त्याला काहीतरी कळवायचे होते, आणि मी गाडीत बसेपर्यंत तो ओसरीवर बसून मोबाईलवर तेच भरत होता.